आधी गाडी, मग विद्यापीठ

एम.ए.ची दोन वर्षं (२००३ ते ०५) माझा रोजचा रस्ता एकच, डोंबिवली ते कुर्ला लोकल, पुढे बसने कलिना. हॉस्टेलला घरून साफ नकार होता. सवलतीचा पास निघाला म्हणून शिकले! नोट्स गाडीतच वाचायच्या, चौथी सीट मिळाली तर. फास्ट लोकल तेव्हा १९१६ च्या पारसिक बोगद्यातून जायची.

विषय इतिहास, तरी हे उशिरा लक्षात आलं: बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, कल्याणला रूळ पोचले १८५४ मध्ये, आणि मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे कल्याणकरांना गाडी आधी, विद्यापीठ मागून. मुलग्यांना हं! मुलींसाठी विद्यापीठाचं दार उघडलं १८८३ साली.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "पास उद्या संपतोय, काढलास का?"