एका शनिवारचे गाणे

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, मुलांच्या मरणाची हकीकत कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. तिचे म्हणणे रास्त आहे. पण ज्या गाण्याचा इतिहास येथे सांगायचा आहे ते तिने घरातल्या कॉलेजकुमाराच्या खोलीतून कधी ना कधी ऐकलेले असण्याचा संभव फार. दाराआडून ऐकताना ‘काय हा आरडाओरडा!’ असे ती म्हणालीही असेल. आरडाओरडा खराच. तो कोणासाठी चालला आहे, एवढेच सांगायचे राहून गेलेले असते.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्ये वॉरिंग्टन नावाचे गाव आहे. २० मार्च १९९३, शनिवार. दुसऱ्या दिवशी इंग्लंडातला मातृदिन, म्हणून बाजारात गर्दी होती. मुले आईसाठी भेटकार्डे घेत होती. दुपारी ब्रिज स्ट्रीटवर कचऱ्याच्या लोखंडी पेटीत ठेवलेला एक बाँब उडाला. माणसे जीव घेऊन पळाली, ती नेमकी दुसऱ्या पेटीच्या दिशेने. मिनिटभरात तीही उडाली. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला. बारा वर्षांचा दुसरा पाच दिवस इस्पितळात झुंजला आणि २५ मार्चला त्याचाही शेवट झाला. पन्नासाहून अधिक माणसे जखमी झाली. बाँब आयरिश रिपब्लिकन आर्मीने ठेवले होते.

हे वैर समजायला थोडे मागे जावे लागते. ‘होमरूल’ हा शब्द आपल्या पणजोबांच्या तोंडी होता, तो मूळचा आयर्लंडच्या राजकारणातला. लोकमान्यांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावास होमरूल लीग स्थापली. त्याच महिन्यात, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. इंग्रजांनी तो मोडला, पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि त्या गोळ्यांनीच ते पुढारी अमर केले. पुढे बेटाचा मोठा भाग स्वतंत्र झाला. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. त्या सहा परगण्यांपायी १९६९ पासून सुमारे तीस वर्षे जो रक्तपात चालला त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. ब्रिटनविरुद्ध बंदूक हाती घेणारे १९१६ च्या हुतात्म्यांचे नाव घेत असत. हे साल लक्षात ठेवावे. ते गाण्यात आहे.

वॉरिंग्टनचा स्फोट झाला तेव्हा डोलोरेस ओरिऑर्डन ही एकवीस वर्षांची मुलगी आपल्या वाद्यवृंदाबरोबर इंग्लंडात दौऱ्यावर होती. लिमरिक परगण्यातल्या बॅलिब्रिकन गावची शेतकरी कुटुंबातली ही पोर, भावंडांत सर्वांत धाकटी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, प्रार्थनागीते म्हणायची. १९९० साली ती लिमरिकच्या तीन मुलांच्या मेळ्यात सामील झाली: नोएल आणि माइक होगन हे दोघे भाऊ आणि ढोल वाजवणारा फर्गल लॉलर. मेळ्याचे नाव पडले ‘द क्रॅनबेरीज’. त्यांचे संगीत ‘आल्टर्नेटिव्ह रॉक’ या सदरात मोडते. बाजारी झगमगाटाला कंटाळून तरुणांनी काढलेली ही वेगळी वाट. तीवर गिटार खरखरते आणि गाणारा आपल्या मनातले कडू बोलायला लाजत नाही. या चौघांची पहिली गाणी मात्र हळवी, प्रेमभंगाची. त्यांवर अमेरिका खूश होती.

दौऱ्यावरून घरी आल्यावर डोलोरेसने लिमरिकच्या आपल्या बिऱ्हाडात साध्या गिटारवर एकटीनेच हे गाणे रचले. नाव ठेवले ‘झॉम्बी’. हैतीच्या लोकसमजुतीतले हे भूत: जादूने उठवलेले, स्वतःची इच्छा नसलेले, दुसऱ्याच्या हुकमाने चालणारे मढे. आपल्याकडे वेताळही प्रेतात शिरतो, पण तो विक्रमाला प्रश्न विचारतो. झॉम्बी प्रश्न विचारीत नाही. १९१६ चे म्हातारे भांडण अंगात शिरल्यावर जिवंत माणूसही असाच चालू लागतो, हे सांगायला तिला हा एक शब्द पुरला.

गाण्याची बांधणी म्हणावी तर अगदी साधी. चार स्वरमेळ, तेच ते, शेवटपर्यंत फिरतात. तालमीला आल्यावर तिने विजेची गिटार उचलली, ध्रुवपदाला तिचा सूर मुद्दाम फाडला आणि फर्गलला ढोल जरा जोरात बडव म्हणून सांगितले. नाजूक गाणी वाजवणाऱ्या त्या मुलांना ही भाषा नवी होती. निर्माता स्टीफन स्ट्रीट याच्या देखरेखीखाली ते ध्वनिमुद्रित झाले.

कडवी ती जवळजवळ पुटपुटत म्हणते, शेजारच्या खोलीत कोणी आजारी असावे तशी. मग ध्रुवपदाला आवाज वर चढतो आणि मध्येच फुटतो; छातीतला सूर एकदम गळ्यात जातो. आयर्लंडात मयताच्या घरी बायकांनी सूर धरून विलाप करण्याची जुनी चाल होती. ती तिने जाणून आणली की रक्तातून आली, ते कोणी सांगावे! मला मात्र तो हंबरडाच वाटतो. गाण्यातले दुःख आईचे आहे. राष्ट्राचे, धर्माचे, पक्षाचे दुःख त्यात शोधूनही सापडत नाही.

आणि याच गोष्टीचा काहींना राग आला. तक्रार पोकळ नव्हती. बारा वर्षांचा मुलगा ज्या दिवशी गेला त्याच दिवशी उत्तर आयर्लंडातल्या कॅसलरॉक गावी प्रॉटेस्टंट पक्षाच्या बंदूकवाल्यांनी कामावर आलेल्या चार कॅथलिकांना ठार केले. त्यांचे गाणे कोणी रचले? दक्षिणेत सुखाने वाढलेल्या पोरीला उत्तरेचे दुखणे काय कळणार? हा प्रश्न खरा आहे आणि गाण्यात त्याचे उत्तर नाही. पण मला वाटते, डोलोरेस कॅथलिक आयरिश घरची. बाँब तिच्या देशाच्या नावाने उडाला होता. परक्याला शिव्या देणे सोपे. तिने आधी घरच्याला बोल लावला, यात तिचा अडाणीपणा दिसण्यापेक्षा धाडस अधिक दिसते.

ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीलाही हे गाणे आधी पुढे करायला नको होते. दुसरे गाणे काढण्यासाठी देऊ केलेला दहा लाख डॉलरचा चेक तिने फाडून टाकला, असे तिच्या व्यवस्थापकाने पुढे सांगितले. सॅम्युएल बेयर या दिग्दर्शकाने चित्रफितीसाठी बेलफास्टच्या गल्ल्यांत जाऊन खरे सैनिक आणि खेळणारी खरी मुले टिपली. बीबीसीने ती मूळ चित्रफीत दाखवायचे नाकारले.

गाणे बाजारात आले सप्टेंबर १९९४ मध्ये. आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली होती ३१ ऑगस्टला. तेव्हा ‘या गाण्याने युद्ध थांबवले’ असे सांगणाऱ्या रसिकांनी कृपया पंचांग पाहावे. ती संधी फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या बाँबने मोडली, पुढच्या वर्षी पुन्हा जुळली आणि १० एप्रिल १९९८ ला बेलफास्टचा करार झाला. गाण्याने यातले काही केले नाही. जर्मनीत, फ्रान्सात, ऑस्ट्रेलियात ते पहिल्या क्रमांकावर गेले, हे खरे.

गाण्यांना पाय फुटतात. २०२३ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या मैदानावर आयर्लंडने रग्बीत दक्षिण आफ्रिकेला १३-८ असे हरवले, तेव्हा हजारो आयरिश प्रेक्षकांनी आनंदाने हेच गाणे म्हटले. त्यावरून पुन्हा वाद पेटला. शोकगीत विजयगीत झालेले ऐकायला डोलोरेस मात्र नव्हती. १५ जानेवारी १९१८ च्या नव्हे, २०१८ च्या त्या सोमवारी लंडनच्या एका हॉटेलात ती गेली. वय अवघे शेहेचाळीस.

तिच्या मृत्यूच्या बातम्यांत वॉरिंग्टनचा उल्लेख आला. त्या बारा वर्षांच्या मुलाचे वडील तोवर मुलाच्या नावाने शांततेचे काम करीत जगले होते. २००० साली गावात त्यासाठी एक केंद्रही उभे राहिले होते. गाणे त्यांच्या कानांवरून गेले असेल, पण ते कोणासाठी आहे हे त्यांना तेवीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक नव्हते. बीबीसीच्या रेडिओवर त्यांनी सांगितले की आपल्याला हे कालच कळले. कळल्यावर त्यांनी ते लावले आणि शब्दांकडे लक्ष देऊन, पहिल्यापासून ऐकले.