स्वायत्त चेतासंस्थेचा शोध

हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, डोळ्यांच्या बाहुल्या, लाळ, घाम, आतड्यांची हालचाल ही कामे माणसाच्या इच्छेवर चालत नाहीत. ती चालवणाऱ्या चेतांच्या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिची रचना उलगडण्यात शल्यक्रियेच्या सुरीइतकाच विषांचाही वाटा होता. या चेता रसायनांच्या द्वारेच अवयवांना आज्ञा देतात, हे मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळले.

कण्याच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या, जागोजागी गाठी असलेल्या चेतारज्जूंचे वर्णन दुसऱ्या शतकात गेलनने केले होते. हे रज्जू मेंदूतून खाली उतरतात, असा समज शतकानुशतके टिकला. १७२७ मध्ये पूरफूर द्यू पेती या फ्रेंच वैद्याने कुत्र्यांच्या मानेतला रज्जू कापला आणि त्याच बाजूच्या डोळ्यात बदल झालेले पाहिले. म्हणजे तंतू मेंदूतून उतरत नव्हते. ते खालून वर डोळ्याकडे जात होते.

पुढची मोठी पावले एकोणिसाव्या शतकात पडली. १८४५ मध्ये एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या भावांनी दाखवले की हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेला विजेचे उद्दीपन दिले की हृदय मंदावते, थांबतेही. चेता अवयवाला केवळ कामाला लावते असे नाही, ती त्याला आवरूही शकते, हे यातून प्रथमच स्पष्ट झाले. क्लोद बर्नार याने सशाच्या मानेतला रज्जू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला; तुटलेल्या रज्जूच्या वरच्या टोकाला विजेचे उद्दीपन देताच तो फिका आणि गार पडला. रक्तवाहिन्या आवळण्याचे काम चेता करतात, हे त्यातून कळले.

संपूर्ण संस्थेचा नकाशा केंब्रिजमध्ये तयार झाला. वॉल्टर गॅस्केल याने १८८६ मध्ये दाखवले की अवयवांकडे जाणारे बारीक तंतू तीनच भागांतून बाहेर पडतात : मेंदूच्या तळाशी, मेरुरज्जूच्या छाती-कमरेच्या भागात आणि त्रिकास्थीच्या भागात. हातापायांच्या चेता निघतात तिथे मात्र त्यांचा खंड पडतो.

तंतू गाठीतून नुसता पुढे जातो की तिथे संपून दुसऱ्या पेशीकडे संदेश सोपवतो, हा प्रश्न उरला होता. जॉन न्यूपोर्ट लँगली आणि विल्यम डिकिन्सन यांनी १८८९ मध्ये त्याचे उत्तर निकोटीनने काढले. मानेतल्या वरच्या गाठीवर त्यांनी कुंचल्याने निकोटीनचे पातळ द्रावण लावले. त्यानंतर गाठीच्या अलीकडे उद्दीपन दिले तर बाहुली विस्फारत नसे. पलीकडे दिले तर विस्फारत असे. याचा अर्थ संदेश गाठीतच एका चेतापेशीकडून दुसरीकडे जात होता. एकेका गाठीवर ही परीक्षा करत लँगलीने कोणता तंतू कुठे संपतो हे निश्चित केले. ‘स्वायत्त’ या अर्थाची संज्ञा त्याने १८९८ मध्ये वापरली आणि १९०५ मध्ये ‘परानुकंपी’ विभाग वेगळा केला.

हीच मांडणी आजही शिकवली जाते. छाती-कमरेच्या भागातून निघणाऱ्या अनुकंपी विभागाच्या बहुतेक गाठी कण्यालगत असतात; संकटात तो हृदयाची गती वाढवतो, बाहुल्या विस्फारतो. मेंदूच्या तळातून आणि त्रिकास्थीच्या भागातून निघणाऱ्या परानुकंपी विभागाच्या गाठी अवयवांजवळ किंवा त्यांच्या भिंतीतच असतात. तो हृदय मंद करतो, लाळ आणि पचन वाढवतो. आतड्याच्या भिंतीतले चेताजाळे लँगलीने तिसरा विभाग मानला.

चेतेचे टोक अवयवाला संदेश कसा देते, हे कोडे अजून सुटले नव्हते. अ‍ॅड्रेनलिन टोचल्यावर अनुकंपी चेतांच्या उद्दीपनासारखेच परिणाम दिसतात, हे पाहून थॉमस एलियट याने १९०४ मध्ये सुचवले की चेतेच्या टोकाशी हेच द्रव्य सुटत असावे. निर्णायक पुरावा १९२१ मध्ये ग्राझ येथे ऑटो लोवी याने दिला. त्याने बेडकांची दोन हृदये क्षारद्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस उद्दीपित करताच ते मंदावले. त्यातले द्रावण दुसऱ्या हृदयात घातल्यावर, त्याच्या चेतेला हात न लावताही, तेही मंदावले. गती वाढवणाऱ्या चेतेचा परिणामही अशाच रीतीने दुसऱ्या हृदयात उतरला.

व्हेगसचे ते द्रव्य अ‍ॅसिटिलकोलीन ठरले. त्याची परानुकंपी चेतांसारखी क्रिया हेन्री डेल याने १९१४ मध्येच वर्णन केली होती. १९२९ मध्ये ते घोडा आणि बैल यांच्या प्लीहेत सापडले, आणि ते प्राण्यांच्या शरीरातच असते हे सिद्ध झाले. १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी आणि डेल यांना मिळून देण्यात आले. दोन्ही विभागांच्या गाठींतही संदेश अ‍ॅसिटिलकोलीनच पोचवते, हेही त्या दशकात दिसून आले. निकोटीन त्याच द्रव्याच्या ग्राहींवर, म्हणजे ते द्रव्य पेशीवर जिथे चिकटते त्या जागांवर, बसत असल्याने लँगलीचा प्रयोग साधला होता. अनुकंपी चेतांच्या टोकांशी मुख्यतः नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटते, हे १९४६ मध्ये उल्फ फॉन ऑयलर याने दाखवले; घामाच्या ग्रंथी मात्र अपवाद, तिथे अनुकंपी तंतूही अ‍ॅसिटिलकोलीनच सोडतात.

या ज्ञानावर आजचे उपचार उभे आहेत. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिन यांचे ग्राही अडवणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे हृदयाची गती आणि रक्तदाब आटोक्यात ठेवतात. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन थांबते. लाळ गळते, बाहुल्या आकसतात, श्वासनलिका स्रावाने भरतात, नाडी मंदावते. फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला विदर्भातल्या रुग्णालयात अ‍ॅट्रोपीन टोचतात ते अ‍ॅसिटिलकोलीनचाच परिणाम अडवण्यासाठी.