परीक्षा मुलाची की शाळेची?

शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरला मराठी खेड्यांनी ‘दिपोटी’ करून टाकले होते. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, धुतलेले कपडे घालून येण्याची ताकीद मिळे आणि हुशार पोरे पुढच्या रांगेत बसत. प्रश्न मुलांना विचारले जात; घाम मात्र मास्तरांना फुटे. कारण त्या दिवशी खरी परीक्षा शाळेची असे. आज राज्यभर होणाऱ्या चाचण्यांमुळे पालकांच्या मनात जो गोंधळ उडतो, त्याचे मूळ या दुहेरीपणात आहे असे आम्हांस वाटते. तेव्हा थोडे मागे वळून पाहू.

इ. स. १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने एक नियमावली अमलात आली. वाचन, लेखन व गणित या विषयांत मुले जशी उत्तीर्ण होतील, त्या मानाने शाळेला अनुदान! जनतेच्या पैशाचा हिशेब मिळावा हा हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र निराळा झाला. निरीक्षक विचारील तेवढेच शिक्षक शिकवू लागले आणि मुलांकडून ठरलेले पुस्तक घोकून घेऊ लागले. प्रसिद्ध कवी मॅथ्यू आर्नल्ड हा स्वतः शाळानिरीक्षक होता. त्याने या यांत्रिकपणावर कठोर टीका केली. तरीही ‘निकाल पाहून पैसा’ ही पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आली.

१८८२ साली हंटर कमिशन नेमले गेले, तेव्हा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन मांडले. त्यातील दोन गोष्टी एकत्र वाचण्यासारख्या आहेत. डेप्युटीने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचनेवाचून व्हावी, असे त्यांनी सुचवले. मात्र त्याच निवेदनात, निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब व शिक्षणापासून दूर राहिलेल्या लोकांना उपयोगाची नाही, असेही त्यांनी बजावले. वरवर पाहता यात विसंगती वाटेल. वस्तुतः ती नाही. कोणी पाहतच नसेल तर गरिबाच्या मुलाची हेळसांड होते. आणि निकालावरच पैसा मोजला तर ज्या शाळेला मदतीची गरज अधिक, तिचीच मदत तुटते. पाहणी हवी, पण ती मदतीसाठी हवी, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होय.

कमिशनने प्राथमिक शाळांसाठी निकालाची कसोटी बव्हंशी कायम ठेवली, परंतु मागासलेल्या भागांतील शाळांना अपवाद करण्याची मुभा दिली. आपला जिल्हा त्या वेळी वऱ्हाडात ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०४ च्या मार्चमध्ये, लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव काढून निकालावर अनुदान मोजण्याची रीत अमान्य केली. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातील प्राथमिक शाळेचा कारभार जिल्ह्याने निवडून दिलेल्या लोकांकडे आला.

आता आजच्या चाचण्यांकडे येऊ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला नापास करणे थांबवले. २०१९ मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि तिच्या आधारे २०२३ साली आपल्या राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा ठरवली. फेरपरीक्षेतही अपयश आले तर मूल त्याच वर्गात राहते. ही मुलाची परीक्षा झाली. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमात २०१५ पासून ज्या पायाभूत चाचण्या झाल्या, त्यांचा हेतू मूल कोठे अडले आहे हे शिक्षकाला कळावे असा होता. आणि डिसेंबर २०२४ मध्ये झालेले ‘परख’ सर्वेक्षण आणखी निराळे. त्यात तिसरी, सहावी व नववीच्या काही निवडक मुलांनाच प्रश्न विचारले गेले. त्यावरून जिल्ह्याची व राज्याची स्थिती कळते, एकट्या मुलाची नव्हे. म्हणून ‘चाचणीत आपला जिल्हा मागे पडला’ असे ऐकून घरी येऊन पोराला धपाटा घालणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पोडावरचे कोलाम मूल घरी कोलामी बोलते. ही द्राविडी कुळातली भाषा; मराठीशी तिचे नाते नाही. गोंडी बोलणाऱ्या मुलाचेही तसेच, आणि तांड्यावरच्या मुलाच्या कानांवरही आधी बंजारा बोलीच पडते. प्रश्नपत्रिका मराठीत पाहून हे मूल थबकले, तर त्याला गणित येत नाही असे म्हणावे, की प्रश्नच कळला नाही असे म्हणावे? गुणांचा आकडा हे सांगत नाही. ते वर्गातल्या शिक्षकाला आणि घरच्या माणसालाच सांगता येते.

यासाठीच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे आणि तिच्या विकासाचा आराखडा करणे हे या समितीचे काम आहे. दिपोटीच्या काळी शाळेने जाब द्यायचा तो वरच्या साहेबाला. आता तो गावालाही द्यायचा आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी पालकांची सही वहीवर होते आणि सभा तिथेच संपते.

आमची विनंती एवढीच. निकाल हाती येईल तेव्हा ‘किती गुण?’ एवढ्यावर थांबू नये. ही चाचणी कोणाची होती, मुलाला नेमके काय जमले नाही, आणि त्यासाठी शाळा येत्या महिन्यात काय करणार, हे तीन प्रश्न समितीच्या सभेत विचारावेत. कापूस वेचून दमलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आईलाही ते विचारता येतात. आणि तिने विचारले, तर उत्तर देणे शाळेला भाग आहे.