पेनड्राइव्ह न लावता ४० कॉम्प्युटर एकदम कसे सुरू होतात? समजून घ्या नेटवर्क बूट

समजा, सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीने आपले ४० जुने कॉम्प्युटर नाशिकमधल्या एका शाळेला दिले. कंपनीचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून हार्ड डिस्क आधीच पुसलेल्या आहेत. मशीन वेगवेगळ्या कंपन्यांची, काही खूप जुनी, काही अलीकडची. प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावून लिनक्स टाकत बसलं, तर त्यातच दोन-तीन दिवस जातील.

यावरचा सोपा मार्ग म्हणजे नेटवर्क बूट. लॅन केबल जोडायची, बटण दाबायचं आणि ऑपरेटिंग सिस्टीम नेटवर्कवरून येऊ द्यायची. या सगळ्याची सुरुवात डीएचसीपी सर्व्हरपासून होते.

डीएचसीपी सर्व्हर नेमकं काय करतो?

घरचा वायफाय राउटर मोबाईलला आयपी पत्ता देतो, तो डीएचसीपीमुळेच. हे तंत्र १९९३ मध्ये आलं. त्याआधी १९८५ पासून बूटपी नावाची पद्धत होती. ती डिस्क नसलेल्या मशीनसाठीच तयार झाली होती, पण त्यात प्रत्येक मशीनची नोंद आधी हाताने करावी लागे.

डीएचसीपीमधला संवाद चार वाक्यांचा असतो. मशीन विचारतं, ‘पत्ता देणारं कोणी आहे का?’ सर्व्हर म्हणतो, ‘हा घे.’ मशीन म्हणतं, ‘चालेल, हाच द्या.’ सर्व्हर म्हणतो, ‘दिला.’

नेटवर्क बूटमध्ये इंटेलने आणलेली पीएक्सई ही पद्धत वापरतात. यात मशीन आपण पीएक्सई असल्याचं सांगतं. मग सर्व्हर पत्त्यासोबत आणखी दोन गोष्टी कळवतो: फाईल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचं नाव काय. मशीन ती फाईल टीएफटीपी या साध्या पद्धतीने उतरवून घेतं आणि पुढचं काम सुरू होतं.

मशीन अनोळखी असतील तर?

प्रत्येक नेटवर्क कार्डला स्वतःचा मॅक ॲड्रेस असतो. काही ठिकाणी त्यांची यादी करून फक्त यादीतल्या मशीनलाच पत्ता दिला जातो. भेट मिळालेल्या ४० मशीनसाठी अशी यादी करणं किचकट आहे. त्यामुळे अनोळखी मशीनलाही पत्ता मिळेल अशी सेटिंग ठेवावी लागते.

मात्र सगळ्यांना एकच फाईल देऊन चालत नाही. जुन्या बायोसच्या मशीनला एक फाईल लागते, नव्या यूईएफआयच्या मशीनला दुसरी. सुदैवाने मशीन आपला प्रकार स्वतःच सांगतं. डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात जुनी मशीन ० हा आकडा पाठवतात, तर ६४ बिट यूईएफआय मशीन सहसा ७. हा आकडा पाहून योग्य फाईल देण्याचा नियम सर्व्हरवर लिहिला, की मॅक ॲड्रेस माहीत नसला तरी अडत नाही.

पत्ते का संपतात?

एकच मशीन सुरू होताना पीएक्सई म्हणून एकदा पत्ता मागतं आणि लिनक्स चालू झाल्यावर पुन्हा मागतं. दोन्ही वेळी त्याने वेगळी ओळख सांगितली, तर दोन पत्ते अडकतात. म्हणजे ४० मशीनसाठी ८० पत्ते. नेहमीच्या छोट्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते असतात. त्यातले किमान १०० या कामासाठी ठेवावेत आणि पत्त्याची मुदत, म्हणजे लीज, दिवसाऐवजी तासाभराची ठेवावी.

सर्वात मोठा धोका कोणता?

अनोळखी मशीनला होकार देणाऱ्या सर्व्हरला भेट मिळालेला कॉम्प्युटर आणि शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर यांतला फरक कळत नाही. समजा, नेटवर्कवरून ‘डिस्क पुसून नवीन सिस्टीम टाका’ हे काम आपोआप सुरू होतं. रात्री वीज जाऊन आली. ऑफिसातला कॉम्प्युटर आपोआप चालू झाला आणि त्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर होतं. सकाळपर्यंत विद्यार्थ्यांचे निकाल आणि दाखल्यांच्या नोंदी गेलेल्या असतील.

म्हणून पत्ता सगळ्यांना द्यावा, डिस्क पुसण्याची मुभा कोणालाही आपोआप देऊ नये. बूट मेनूत काहीच निवडलं नाही, तर मशीन स्वतःच्या डिस्कवरून सुरू व्हावं. नवीन सिस्टीम टाकण्याच्या पर्यायाला पासवर्ड असावा.

सुरू करण्याआधी काय तपासाल?

• शक्यतो हे काम वेगळ्या स्विचवर करा, ऑफिसचं नेटवर्क त्याला जोडू नका.

• एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर ठेवू नका. आधीचा राउटर बंद करता येत नसेल, तर ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ वापरा. यात पत्ता राउटरच देतो, आपला सर्व्हर फक्त बूटची माहिती पुरवतो. डीएनएसमास्क या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

• आयएससीच्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ मध्ये थांबली. मोठ्या नेटवर्कसाठी त्याच संस्थेचं ‘किया’ वापरता येतं.

• वायफायवर पीएक्सई सहसा चालत नाही. केबल लागतेच.

• आधी एक जुनं आणि एक नवं मशीन लावून पाहा. दोन्ही नीट सुरू झाली, तरच बाकीची ३८ जोडा.

• काम संपलं की बूट सर्व्हर बंद करायला विसरू नका.