मंडेलांची लाल मर्सिडीज आणि ती घडवणारे हात

२२ जुलै १९९०. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातली मदान्त्साने ही काळ्या लोकांची वस्ती. तिथल्या सिसा दुकाशे स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर नेल्सन मंडेला यांना एका नव्या गाडीची किल्ली देण्यात आली. २७ वर्षांचा कारावास संपवून ते ११ फेब्रुवारीला बाहेर आले होते, म्हणजे सुटकेला जेमतेम पाच महिने झाले होते. गाडी होती लाल रंगाची मर्सिडीज ५०० एसई. ती कुणा उद्योगपतीची भेट नव्हती, की सरकारी खरेदीही नव्हती. जवळच्या ईस्ट लंडन या बंदराच्या शहरातल्या मर्सिडीज कारखान्यातल्या कामगारांनी ती बनवली होती. सुटे भाग कंपनीने दिले आणि कामगारांनी जादा तास विनामोबदला काम केले.

आलिशान मोटारींवर भरपूर लिहिले जाते. त्यात आराखडा काढणाऱ्यांची नावे असतात, मागच्या सीटवर बसणाऱ्या राजांची, हुकूमशहांची, नटनट्यांची नावे असतात. गाडी जोडणाऱ्यांचे नाव मात्र क्वचितच सापडते. मंडेलांची ही लाल गाडी त्याला अपवाद आहे, म्हणून तिचा इतिहास मला सांगावासा वाटतो.

गाडी काय होती?

आधी गाडी समजून घेऊ, कारण तिची गोष्ट तिच्या यंत्ररचनेपासूनच सुरू होते.

मर्सिडीजने या पिढीची एस-क्लास सप्टेंबर १९७९ मध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात मांडली. कंपनीतले तिचे सांकेतिक नाव डब्ल्यू १२६. १९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या गाड्यांकडे लोक संशयाने पाहू लागले होते. त्यामुळे इंजिनिअरांपुढे पेच होता: गाडी मोठी आणि आरामदायी तर हवी, पण वजन आणि पेट्रोलचा खप कमी झाला पाहिजे. त्यांनी अधिक मजबूत पण हलके पोलाद वापरले. आठ सिलिंडरच्या इंजिनांचे ब्लॉक हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे केले. जाड क्रोमचे बंपर काढून बॉडीच्या रेषेत मिसळणारे प्लास्टिकचे बंपर लावले. डिझाइन विभागाचे प्रमुख ब्रुनो साको यांनी गाडीला असा घाट दिला की हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३६ च्या आसपास आला. पाच मीटर लांबीच्या गाडीसाठी त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

नावातल्या अक्षरांनाही अर्थ आहे. ५०० म्हणजे सुमारे पाच लिटरचे इंजिन. एस म्हणजे ‘खास’ या अर्थाचा जर्मन शब्द. ई म्हणजे इंधन फवारून देणारी इंजेक्शन पद्धत. पुढे एल असेल तर मागच्या प्रवाशाला पाय पसरायला जास्त जागा असलेली लांब गाडी. कामगारांनी मंडेलांना दिलेली गाडी एल नसलेली होती.

पण या गाडीचे खरे वैशिष्ट्य सुरक्षेत होते. बेला बारेनी या इंजिनिअरने १९५१ मध्ये एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित, अशी तेव्हाची समजूत. बारेनींनी ती उलटी केली. गाडीचे नाक आणि शेपटी चुरडू द्यावी, धडकेचा जोर त्या चुरडण्यातच जिरावा, आणि मधला कप्पा, जिथे माणसे बसतात, तो मात्र अभंग राहावा. १९५९ मध्ये या तत्त्वावरची पहिली मर्सिडीज बाजारात आली. डब्ल्यू १२६ मध्ये हे तत्त्व आणखी पुढे नेले गेले. खऱ्या रस्त्यावर दोन गाड्या नेमक्या समोरासमोर क्वचितच आदळतात. बहुतेक वेळा चालक शेवटच्या क्षणी गाडी वळवतो आणि धडक एका बाजूला बसते. अशा एकांगी धडकेचा विचार करून या गाडीचा पुढचा सांगाडा बनवला होता.

चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेक यंत्रणा बॉशच्या मदतीने १९७८ मध्येच आधीच्या एस-क्लासमध्ये आली होती. डब्ल्यू १२६ मध्ये १९८१ पासून चालकासाठी एअरबॅग आणि धडकेच्या क्षणी पट्टा आवळून धरणारा सीटबेल्ट जादा पैसे मोजून मिळू लागला. मागच्या दिव्यांच्या काचांवर आडव्या खाचा होत्या. चिखल उडाला तरी खाचांच्या आतला भाग स्वच्छ राहतो आणि मागून येणाऱ्याला दिवा दिसतो. दारावर सीट हलवण्याची बटणे होती, त्यांचा आकारच छोट्या सीटसारखा. पाठीचे बटण मागे ढकलले की पाठ मागे जाते. वाचायला काही नको, समजवायला कुणी नको.

थोडक्यात, आत बसलेल्या माणसाच्या जिवाची आणि सुखाची इतकी बारीक काळजी क्वचितच कुठल्या यंत्रात घेतली गेली असेल. आता ही काळजी ज्यांच्या हातांनी जोडली, त्यांच्या जिवाची किंमत त्यांच्या देशात काय होती ते पाहू.

बसने येणारे कामगार

ईस्ट लंडनमध्ये मर्सिडीज गाड्यांची जुळणी १९५८ पासून सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाची हुकूमत होती. कुणी कुठे राहायचे, कुणी कुठली नोकरी करायची, हे कायदा कातडीचा रंग पाहून ठरवत होता. या कायद्याचा मार आपल्या लोकांनाही बसला. कोकणातून केपटाउनला जाऊन स्थायिक झालेली मुस्लिम कुटुंबे आहेत, आणि वस्त्यांची रंगानुसार वाटणी करणारा १९५० चा कायदा त्यांनाही लागू होता. अहमद कथराडा यांना १९६४ मध्ये मंडेलांसोबतच जन्मठेप झाली होती.

ईस्ट लंडनच्या काळ्या कामगारांना शहराबाहेर काढून मदान्त्सानेत वसवले गेले. पुढे ही वस्ती सिस्काय नावाच्या ‘होमलँड’मध्ये टाकली गेली. १९८१ मध्ये सरकारने सिस्कायला ‘स्वतंत्र देश’ जाहीर केले. जगाने या देशाला मान्यता दिली नाही, पण त्याचा परिणाम खरा होता. कामगार ज्या शहरात रोज घाम गाळत होता, त्याच शहरात तो कागदोपत्री परदेशी झाला.

हे कामगार बसने येत. जुलै १९८३ मध्ये बसभाडे वाढले, तेव्हा मदान्त्सानेच्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. कुणी पायी जाऊ लागले, कुणी रेल्वेने. ४ ऑगस्टला एगर्टन स्थानकाकडे निघालेल्या लोकांवर सिस्कायच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. अकरा माणसे मेली. कामावर जाण्यासाठी रेल्वे पकडायची, एवढाच त्यांचा गुन्हा.

एकाच भूगोलात या दोन गोष्टी घडत होत्या. कारखान्याच्या आत प्रवाशाच्या बरगड्या वाचाव्यात म्हणून पोलादाचा पत्रा किती चुरडावा याचा हिशेब होता, आणि फाटकाबाहेर कामगाराच्या छातीवर बंदूक रोखलेली होती. लक्झरी या शब्दाचा खरा अर्थ मला इथे कळतो. लाकडी पट्ट्या आणि मऊ गाद्या हा त्याचा वरवरचा भाग. सुरक्षित राहण्याचा हक्क हाच त्या देशात विकत घ्यावा लागत होता.

चार दिवसांची गाडी

काळ्या कामगारांच्या संघटनांना कायदेशीर मान्यता मिळायला १९७९ उजाडावे लागले. १९८७ मध्ये धातू उद्योगातल्या संघटना एकत्र येऊन नुमसा ही मोठी संघटना उभी राहिली. १९९० मध्ये मंडेला सुटले आणि ईस्ट लंडनच्या कामगारांनी व्यवस्थापनापुढे प्रस्ताव ठेवला: आम्हाला त्यांच्यासाठी गाडी बनवायची आहे. कंपनी तयार झाली.

एरवी ज्या गाडीला सुमारे दोन आठवडे लागत, ती चार दिवसांत उभी राहिली, असे सांगितले जाते. तपासणीत तिच्यात फक्त नऊ दोष निघाले, एरवी हा आकडा कितीतरी मोठा असायचा, हीसुद्धा आठवण सांगितली जाते. काम करताना लोक गात होते.

मला यात आश्चर्य वाटत नाही. आमच्या मोहल्ल्यात डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारे एक चाचा होते. ते म्हणायचे, “रंग कुणीही मारेल. खालची पुट्टी कुणी मन लावून घासली, ते सहा महिन्यांनी कळतं.” यंत्रांचा दर्जा आराखड्यात लिहिता येतो, पण तो गाडीत उतरतो हातांमधून. त्या चार दिवसांत साधने तीच होती, पत्रा तोच होता, माणसेही तीच होती. बदलले होते ते एकच: आपण हे कुणासाठी करतोय, हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्यांनी स्वतः ठरवले होते.

किल्ली दिल्यानंतर

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. गाडी दिल्यानंतर महिनाभरात, ऑगस्ट १९९० मध्ये, याच कारखान्यातल्या काही कामगारांनी आतच मुक्काम ठोकला. वेतनाची बोलणी देशपातळीवर एकत्र व्हावीत, असे नुमसाचे धोरण होते. या कामगारांना ती आपल्या कारखान्यातच व्हायला हवी होती. म्हणजे झगडा कंपनीशी होता तसाच स्वतःच्या संघटनेशीही. नऊ आठवडे ते आत राहिले. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र पुरे होते. विनामोबदला राबून गाडी देणारे हे लोक भोळे किंवा आज्ञाधारक नव्हते. आपली मेहनत कुणाला फुकट द्यायची आणि कुणाकडून पुरेपूर मोल घ्यायचे, हे त्यांना नीट कळत होते.

एक शंका वाचकांच्या मनात येईल, माझ्याही येते. गरिबांच्या नेत्याला आलिशान गाडी कशाला? पूर्व आफ्रिकेत स्वातंत्र्यानंतर नव्या सत्ताधाऱ्यांसाठी स्वाहिली भाषेत ‘वाबेन्झी’ असा शब्द रूढ झाला. अर्थ साधा: बेन्झमध्ये फिरणारी जमात. लोकांच्या नावाने सत्तेवर यायचे आणि काळ्या काचांआड बसायचे, यावरचा तो बोचरा टोमणा होता. ही टीका रास्त आहे आणि आपल्याकडच्या नेत्यांनाही चपखल बसते. पण वाबेन्झींची गाडी जनतेच्या पैशांतून नेत्याने घेतलेली असते. ईस्ट लंडनमध्ये देणारे आणि घेणारे यांच्या जागा उलट होत्या. ज्यांना त्या गाडीत बसायची ऐपत नव्हती, त्यांनी आपल्याला येत असलेली सर्वांत उत्तम वस्तू आपल्या माणसाला दिली. सुताराने खुर्ची दिली असती, विणकराने शाल. हे लोक मोटार बनवणारे होते.

ती लाल गाडी आज जोहान्सबर्गच्या अपार्थाइड म्युझियममध्ये आहे. सायमन गश या कलावंताने २०१४ मध्ये ‘रेड’ नावाने प्रदर्शन आणि माहितीपट केला. त्यात गाडीबरोबर त्या ऑगस्टच्या संपाचीही गोष्ट आहे.

महाराष्ट्रात १९९५ पासून पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला मर्सिडीज गाड्यांची जुळणी होते. चाकण परिसरात सकाळी कामगारांच्या बस ओळीने येताना दिसतात. त्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली पोरे असतात, अनेक कंत्राटावर. त्यांच्या हातांतून जाणाऱ्या गाड्यांच्या माहितीपत्रकात सीटच्या चामड्याचे, एअरबॅगचे, स्पीकरचे तपशील असतात. जोडणाऱ्यांची नावे असायची पद्धत नाही. पुढच्या वेळी एखादी लांबलचक सेडान शेजारून आवाज न करता निघून गेली, तर मालक कोण हे जरूर विचारा. पण तिचा दरवाजा इतका नेमका बसवला कुणी, आणि तो माणूस आज घरी कसा पोहोचला, हेही विचारा.