औषध देणाऱ्याचे शिक्षण

श्रोते हो, तालुक्याच्या गावी ज्या दुकानाला आपण नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो, तिथे चिठ्ठी पुढे केली की फळीमागचा माणूस खोकी काढतो, गोळ्यांची पट्टी कापतो आणि पैसे घेतो. आपल्याला दिसते ते एवढेच. मग औषध विकणे आणि किराणा विकणे यांत फरक तो काय, असे कोणाच्याही मनात यावे. फार्मसीच्या वर्गात नव्याने येऊन बसणाऱ्या मुलाचीही समजूत पुष्कळदा याहून वेगळी नसते. आपला व्यवसाय म्हणजे नेमके काय, हे त्याला शिकवायचे कसे? आपल्या देशात हा प्रश्न नव्वद वर्षांहून जुना आहे.

१९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. त्या काळी बाजारात बनावट आणि कमअस्सल औषधे खपत होती. डॉक्टरांच्या हाताखालचा कंपाउंडर बहुधा पाहून पाहूनच शिकलेला असे. औषधांवर नियंत्रण हवे, तसे ती देणाऱ्या माणसाला रीतसर शिक्षणही हवे, असे समितीने सांगितले. १९३२ साली महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात या शिक्षणाचा पाया घातला. पुढे १९४० साली औषधांचा कायदा झाला आणि १९४८ साली फार्मसीचा.

अभ्यासक्रम आला, परीक्षा आली, हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट मागे पडली. जुना कंपाउंडर काम पाहत असे, त्यामागचे कारण त्याला ठाऊक नसे. नवा विद्यार्थी कारणे पाठ करतो, पण काम त्याला फारसे पाहायला मिळत नाही.

ही उणीव चित्रांनी भरून काढण्याचा एक यत्न अमेरिकेत झाला. १९५०च्या दशकात पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने रॉबर्ट थॉम या चित्रकाराकडून औषधविद्येच्या इतिहासाची चाळीस चित्रे काढून घेतली. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली क्विनीन वेगळे काढणारे पेल्तिए आणि कावांतू हे दोघे फ्रेंच त्यांत आहेत. हिवतापावर क्विनीन आपल्या खेड्यापाड्यांतही घेतले जाई. ते कोणा माणसांनी खपून मिळवले, हे चित्रात पाहिले म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या व्यवसायाचे पूर्वज भेटतात.

आपल्याकडे चित्र बोलू लागले ते दूरदर्शनवर. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शेतीचे, आरोग्याचे आणि शाळेचे कार्यक्रम पोहोचले. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर वर्ग सुरू केले. २०१७ साली ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या आल्या. आता तर चित्रफीत खिशातल्या फोनवर दिसते.

मग तीत दाखवायचे काय? गोळी कशी बनते, हे तर दाखवावेच. पण त्याआधी दाखवावे, की हा माणूस चुकला तर काय होते.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे गुणकारी औषध पातळ स्वरूपात देण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळवले. चव पाहिली, वास पाहिला, रंग पाहिला. तो द्रव विषारी आहे का, एवढे मात्र कोणी पाहिले नाही. शंभरांहून अधिक माणसे दगावली, त्यांत कितीतरी मुले होती. पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. हा धडा पुस्तकात आला, तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेच विष मिसळलेले ग्लिसरीन रोग्यांना दिले गेले आणि चौदा जण मृत्यू पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. बाटली कारखान्यातून निघून रोग्याच्या खाटेपाशी येईपर्यंत किती हातांतून जाते, पाहा! त्यांतला एक हात जरी थांबला असता, एकाने जरी ‘हे तपासले आहे का?’ असे विचारले असते, तर?

शिक्षक मित्रांनो, अशी हकीकत चित्रफितीत दाखवावी आणि नेमकी तिथेच ती थांबवावी. मुलांना विचारावे, ‘या जागी तू असतास, तर काय केलं असतंस?’ नुसती फीत लावून वर्गाबाहेर गेलात, तर तो तमाशा झाला, शिक्षण नव्हे. आणि पाहण्याने हात तयार होत नाही, हेही खरे. म्हणून तर फार्मसीच्या पदविकेला पाचशे तासांचे प्रत्यक्ष काम लावून दिलेले आहे.

आणि श्रोते हो, यात आपलाही वाटा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिली जावीत, असा नियम आहे. पुढल्या खेपेला दुकानात गेलात, की विचारा, ‘फार्मासिस्ट आहेत का? ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर? आधीच्या गोळ्यांबरोबर चालेल ना?’ विचारायला संकोच कसला? गिऱ्हाईक विचारू लागले, म्हणजे फळीमागच्या माणसालाही आपले शिक्षण आठवत राहील.