पहिले विमान, पहिला रणगाडा

प्लास्टिक किटच्या खोक्यावर पुष्कळ काही छापलेले असते. ढगांतून झेप घेणारे स्पिटफायर, धुरळा उडवत येणारा टायगर, विमानाचे नाव, प्रमाण, कुठल्या रंगांची गरज पडेल ते. नवशिक्याला सर्वांत उपयोगी पडेल अशी माहिती मात्र बहुधा नसते, किंवा कडेला बारीक अक्षरांत असते : आतल्या प्लास्टिकचा साचा कोणत्या वर्षी तयार झाला? या छंदाच्या उंबरठ्यावर आलेल्या वाचकाचे मनापासून स्वागत करताना मला आधी हेच सांगावेसे वाटते. पहिले किट निवडताना चित्राच्या आधी साच्याचे वय विचारा.

किटचे भाग तयार होतात ते वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरून. असा साचा घडवायला प्रचंड खर्च येतो, पण एकदा घडला की तो कित्येक दशके टिकतो. म्हणून कंपन्या जुन्या साच्यातला माल नव्या चित्राच्या, नव्या खोक्यात घालून पुन्हा बाजारात आणतात. त्यात लबाडी नाही. या उद्योगाचे अर्थकारणच तसे आहे. पण परिणाम काय होतो पाहा. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने एकास बहात्तर प्रमाणातले स्पिटफायर १९५० च्या दशकात काढले, १९७० च्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या साच्यातून काढले आणि २०१० च्या आसपास पुन्हा नव्याने काढले. नाव तेच, प्रमाण तेच, हातात येणारी वस्तू मात्र निराळी. जुन्या साच्यात पत्र्यांचे सांधे उठावदार रेघांनी दाखवलेले असतात आणि धडाचे दोन अर्धे जोडून सांधा घासला की त्या रेघाही घासून जातात. नव्या साच्यात त्या रेघा खोल कोरलेल्या असतात आणि भाग एकमेकांत नीट बसतात. जुने किट देखणे करता येते, पण त्यासाठी पुट्टी, घासकाम आणि चिकाटी लागते. नवख्याला वाटते आपलाच हात वाईट, आणि अर्धवट किट माळ्यावर जाते. हा दोष हाताचा नसतो.

प्रमाणांचा इतिहासही थोडा माहीत असावा. एकास बहात्तर म्हणजे सहा फुटांना एक इंच. विमानाच्या शेजारी उभा केलेला सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या लाकडी ‘स्कायबर्ड्स’ नमुन्यांनी हे प्रमाण रूढ केले आणि १९३६ मध्ये ‘फ्रॉग’च्या पेंग्विन मालिकेने ते प्लास्टिकमध्ये आणले. एकास अठ्ठेचाळीस म्हणजे फुटाला पाव इंच. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, तो पहिल्या प्रमाणात साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास येतो, दुसऱ्यात तेवीस सेंटिमीटरच्या थोडा पुढे जातो. बोटे जाड असोत वा चष्मा लागलेला असो, मोठे प्रमाण सोयीचे पडते. कपाटात जागा कमी असेल तर लहान. रणगाड्यांचे एकास पस्तीस हे प्रमाण मात्र कोणत्याही फूटपट्टीतून आलेले नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी मुळात लाकडाचा व्यवसाय करणारी. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढे त्याचे आकारमान ठरवले, ते साधारण एकास पस्तीस निघाले, आणि पुढे साऱ्या जगाने तेच स्वीकारले.

आता निवडीकडे वळू, कारण इथे हा छंद इतिहासाचा अभ्यास होतो. दोन रणगाडे शेजारी ठेवा : सोव्हिएत टी-३४ आणि जर्मन टायगर. टी-३४ ला प्रत्येक बाजूस मोठ्या चाकांच्या पाच जोड्या, म्हणजे एकूण वीस चकत्या. सुरुवातीच्या टायगरला प्रत्येक बाजूस आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन चाके, एकमेकांत गुंतवून बसवलेली, एकूण अठ्ठेचाळीस. किट बांधताना प्रत्येक चाक फ्रेमपासून कापायचे, त्याच्या कडेवरचा सांध्याचा उंचवटा घासायचा, रबरी धाव काळी रंगवायची. विसाव्या चाकापर्यंत हौस टिकते. तिसाव्या चाकाशी मात्र आपल्या लक्षात येऊ लागते, की जे आपल्याला टेबलावर जड जाते आहे तेच कारखान्यातल्या कामगाराला आणि आघाडीवरच्या मेकॅनिकला जड गेले होते. आतले एक चाक बदलायचे तर बाहेरची कितीतरी चाके आधी उतरवावी लागत. रशियाच्या हिवाळ्यात चाकांमध्ये भरलेला चिखल गोठून बसे. १९४४ मध्ये जर्मनांनी टायगरची चाकेच कमी केली. टायगर तयार झाले साडेतेराशेच्या आसपास. टी-३४ महायुद्ध संपेपर्यंत पन्नास हजारांहून अधिक. हे आकडे पुस्तकात वाचता येतात, पण बोटांना कळलेला आकडा वेगळा असतो.

म्हणून नवशिक्याला मी टी-३४ सुचवतो. त्याचे ओतीव टरेट मुळातच खडबडीत होते, तेव्हा आपल्या घासण्यातले उणेपण खपून जाते. रंग एकच, हिरवा. खालचा भाग चिखलाने माखलेला दाखवला तर खराही वाटतो आणि चुकाही झाकतो. अमेरिकी शर्मन रणगाड्यालाही ऑलिव्ह ड्रॅब हा एकच रंग पुरतो, पण त्याच्या एका बाजूच्या चाकांच्या तीन बोगी म्हणजे तीन छोटी किटेच असतात; तो दुसऱ्या खेपेला घ्यावा. ट्रॅक कशाचे आहेत हेही विचारून घ्यावे. मऊ विनाइलची सलग पट्टी झटकन बसते. एकेक कडी जोडून करायचे ट्रॅक सुंदर दिसतात, पण पहिल्या किटमध्ये नकोत.

कारखान्यात सोपे ते टेबलावर सोपे, असा नियम मात्र यातून काढू नये. स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख हे त्याचे लावण्य आणि कारखान्यांची डोकेदुखी होती. जर्मनांच्या बीएफ १०९ पेक्षा स्पिटफायर बांधायला कितीतरी अधिक श्रम लागत. प्लास्टिकमध्ये तोच पंख साच्यातून तयार निघतो, दोन-तीन तुकड्यांत. प्लास्टिकने इथे इतिहासातली अडचण पुसून टाकली आहे आणि आपण ती आठवणीने परत मिळवली पाहिजे. मॉडेल एक पुरावा आहे, पण साचेकाराच्या हाताखालून गेलेला. अभ्यासकाने इतर पुराव्यांइतकाच तोही तपासून घ्यावा.

विमानांत तीन गोष्टी पाहाव्यात : काच, रंग, पंखांची संख्या. जपानी झिरो जवळजवळ एकाच फिकट राखाडी रंगात मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्या कॅनोपीच्या इतक्या बारीक चौकटी रंगवाव्या लागतात की वाचलेला वेळ तिथेच जातो. स्पिटफायरला तपकिरी-हिरवे दोन रंग आहेत, मात्र चौकटी मोजक्या. मला दुसरी तडजोड बरी वाटते. द्विपंखी विमाने पहिल्या वर्षी नकोतच; वरचा पंख सरळ बसवणे आणि ताणतारा ओढणे हे वेगळे कौशल्य आहे. चकचकीत धातूचे विमानही थांबू द्यावे, कारण चंदेरी रंग प्रत्येक ओरखडा उघडा पाडतो.

ज्याला एकाच खोक्यात सगळे हवे, त्याने रंग, ब्रश, गोंद असलेला स्टार्टर सेट घ्यावा. एडुआर्ड कंपनीचे किट घेताना ‘वीकएंड’ आवृत्ती घ्यावी; ‘प्रोफीपॅक’मध्ये कोरलेल्या धातूचे नाजूक भाग असतात आणि ते नेहमीच्या गोंदाने चिकटत नाहीत. नेहमीचा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतो, धातूवर त्याचे काही चालत नाही. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी एक सूचना : पावसाळ्यात लॅकर स्प्रे मारू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी साय धरते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक आणि ब्रश त्या महिन्यांत पुरेसे आहेत.

हा छंद परदेशात वाढला हे खरे. तरी एअरफिक्सच्या अलीकडच्या कित्येक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले दिसते, आणि ज्या यंत्रांची ही मॉडेल्स, ती पाहायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, विजयंता उभे आहेत. गोव्यात दाबोळीजवळ नौदलाच्या हवाई संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे आहेत. ओझरच्या कारखान्यात बांधलेल्या मिग-२१ ला हवाई दलाने २०२५ मध्ये निरोप दिला. ते विमान बांधण्याची इच्छा अनेकांना होईल आणि व्हावी. त्याचे नळीसारखे धड आणि त्रिकोणी पंख जोडायला अवघड नाहीत; जुन्या चंदेरी मिगऐवजी करड्या रंगातले ‘बायसन’ निवडले, तर दुसऱ्या-तिसऱ्या किटलाच ते जमेल. त्याआधी संग्रहालयात जाऊन खऱ्या यंत्राभोवती एक फेरी मारा. चाकांच्या कप्प्यात आत कोणता रंग आहे, पत्र्याचे सांधे कुठे दिसतात आणि कुठे दिसतच नाहीत, धूर कुठे काळा साचतो, याची वहीत नोंद करा. पुढच्या प्रकरणांत अवजारे, जोडणी आणि रंगकाम येईल, तेव्हा ती वही जवळ असू द्या.